आधी भोकं बघा

जपानी तलवारीची त्सुबा हातात आली की नजर आपोआप चित्रावर जाते. ढगांतून उतरणारा ड्रॅगन, पावसात छत्री धरून चाललेला वाटसरू, बांबूच्या बनात गप्पा मारत बसलेले सात चिनी पंडित. पण ती घडवणाऱ्या कारागिरांची घराणी ओळखायला शिकायचं असेल तर हे चित्र सगळ्यात शेवटी बघायचं असतं. एवढी एक गोष्ट अंगवळणी पडायला मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

त्सुबा म्हणजे पातं आणि मूठ यांच्या मध्ये बसणारी धातूची चकती. आपल्या मराठा तलवारीला बोटांवरून वळणारी परज असते, ती मुठीचाच भाग. जपानी त्सुबा मात्र सुटी. मुठीतली बांबूची खुंटी काढली की मूठ, त्सुबा, पातं सगळं वेगळं होतं. त्यामुळे एकाच पात्याला पिढ्यानपिढ्या वेगवेगळे साज चढले आणि एकेका त्सुबेनं बरीच पाती पाहिली. या साजात इतरही मंडळी असतात. मुठीच्या तोंडाशी बसणारं कडं म्हणजे फुचि, टोकाची टोपी म्हणजे काशिरा, मुठीच्या गुंडाळीखाली दोन बाजूंना अडकवलेली छोट्या नक्षीची जोडी म्हणजे मेनुकी. म्यानाच्या खाचेत एक लहानशी सुरी असते, तिची मूठ म्हणजे कोझुका. दुसऱ्या बाजूला केस नीट करायची चपटी सळई, ती कोगाइ.

माझं शिक्षण धातुशास्त्राचं, बालपण पुण्यात कसब्यातलं आणि सध्याचा मुक्काम तोक्योत निशी-कासाइला. आपल्या लोकांची वस्ती असलेला हा भाग र्योगोकुपासून फार लांब नाही, आणि र्योगोकुला जुन्या यासुदा बागेत २०१८पासून तलवार संग्रहालय आहे. तिथे मी गेले पाती बघायला. पाती बघणं हे वेगळंच शास्त्र आहे, त्यात मी रमले नाही. साजाच्या कपाटापाशी मात्र खिळले. लोखंड, तांबं, पितळ, चांदी, सोनं, सगळं एका तळहाताएवढ्या जागेत, आणि प्रत्येकाचा रंग असा की धातू ओळखताना माझी पदवी पणाला लागावी.

पुढे ओळखीच्या ओळखीतून एका अभ्यासमंडळात शिरकाव झाला. सार्वजनिक सभागृहातली भाड्याची खोली, लांब टेबलावर जाड कापड, कापडावर आकडे लावून ठेवलेल्या त्सुबा. मंडळी बहुतेक सत्तरीच्या पुढची. शिकवणारे सेन्सेई निवृत्त गृहस्थ, आवाज कधी न चढवणारे. पद्धत अशी, की प्रत्येकानं त्सुबा हातात घ्यायची, बघायची आणि चिठ्ठीवर प्रांत, घराणं, काळ लिहून द्यायचा. सही असली तर तिच्यावर कागद चिकटवलेला. सेन्सेई चिठ्ठीवर लाल शाईनं उत्तर लिहून परत देतात. ‘आतारी’ म्हणजे बरोबर. ‘दोझेन’ म्हणजे नेमकं नाव चुकलं, पण त्याच परंपरेतलं असल्यामुळे बरोबरच धरू. आणि काहीच जमलं नसेल तर ‘नाही’, पुन्हा बघा. मला ‘दोझेन’ ही सोय फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडच्या परीक्षांत ती असती तर माझं शालेय आयुष्य सुखाचं गेलं असतं.

सेन्सेई उत्तर सांगत नाहीत, विचारतात. आणि पहिला प्रश्न ठरलेला: “भोकं बघितलीत का?”

त्सुबेच्या मधोमध पात्याची शेपटी जायला पाचरीच्या आकाराचं भोक असतं, नाकागो-आना. ते दुसऱ्या पात्याला बसवताना कानशीनं वाढवलेलं असतं किंवा वरखाली तांब्याच्या पट्ट्या ठोकून लहान केलेलं असतं. पातं हलू नये म्हणून कडेनं छिन्नीचे ठोके मारलेले असतात. हे ठोके कधी घाईचे, कधी इतके नेमके की ते कारागिराच्या सहीसारखे वाटतात. त्याच्या दोन बाजूंना कोझुका आणि कोगाइसाठी आणखी दोन भोकं, म्हणजे हित्सु-आना. ही मूळ रचनेत धरलेली आहेत की नंतर कुणी पाडलीत, हे बघायचं. नक्षीची रेघ भोकाच्या काठावर येऊन अचानक तुटत असेल तर भोक नंतरचं. कधी एखादं भोक शिशानं किंवा दुसऱ्या धातूनं बुजवलेलंही असतं.

मधल्या भोकाभोवती लंबगोल सपाट जागा असते, सेप्पा-दाइ. तिच्यावर वॉशर बसतो, म्हणून तिथे कोरीवकाम नसतं, आणि म्हणूनच कुणाचं लक्ष जात नाही. मला विचाराल तर निम्मं उत्तर तिथे असतं. तिची रुंदी, टोकं निमुळती की बोथट, मधला भाग कडेपेक्षा जाड की पातळ, हे कारागिराच्या हाताची सवय सांगतं. चित्राची नक्कल कोणीही करतो. पण नक्कल करताना वॉशरखाली झाकल्या जाणाऱ्या जागेकडे फार थोडे लोक मन लावून बघतात.

मग कड. चौकोनी आहे, गोलवली आहे की आतल्या पृष्ठापेक्षा उचललेली आहे? कडेवर बोट फिरवलं की काही त्सुबांना बारीक गाठी लागतात. त्यांना तेक्कोत्सु म्हणतात, लोखंडाची हाडं. जुन्या भट्टीतल्या लोखंडात कार्बन सगळीकडे सारखा मिसळलेला नसे. जास्त कार्बनचा भाग कठीण, तो मागे राहिला. मऊ भाग झिजला, दबला. कॉलेजात असल्या असमान धातूला आम्ही सरळ नापास केलं असतं. इथे त्याच गाठींवरून ओवारी आणि कानायामा ओळखतात.

जाळीकामाच्या लोखंडी त्सुबांपासून माझी सुरुवात झाली, कारण त्यांच्यावर सहसा सह्या नसतात आणि रंगीत धातूंचं आमिषही नसतं. ओवारी म्हणजे आजच्या नागोयाचा भाग. तिथली त्सुबा हातात जड लागते. रचना बहुधा सममित, रेषा रुंद, कोन खणखणीत, कडेवर हाडं. कानायामा त्याच प्रांताशी जोडलेलं नाव; आकार लहान, जाडी जास्त, हाडं आणखी ठळक. क्योतोची जाळी याच्या उलट. रेषा सडपातळ, लोखंडाचं पृष्ठ गुळगुळीत, सेप्पा-दाइ नाजूक, आणि सगळ्या आकृतीत एक ऐटदार हलकेपणा. एदोतली, म्हणजे जुन्या तोक्योतली, आकासाका त्सुबा क्योतोच्या वळणावरच वाढली, पण तिची कड गोलावते आणि आकृतीच्या रेषा कडेला मिळताना झाडाच्या फांदीसारख्या पसरतात. पुस्तकात हे वाचायला पाच मिनिटं लागतात. टेबलावर ओवारी आणि आकासाका शेजारी ठेवल्या की पाच मिनिटांत सगळं वाचलेलं विसरायला होतं, कारण प्रत्यक्षातली त्सुबा पुस्तकातली सगळी लक्षणं एकदम कधीच दाखवत नाही. तीन लक्षणं क्योतोची, एक ओवारीचं. मग कोणतं लक्षण जड धरायचं? सेन्सेईंचं म्हणणं, रचना उसनी घेता येते, लोखंड उसनं घेता येत नाही. दोन्ही भांडायला लागले तर लोखंडाचं ऐका.

लोखंड ‘ऐकायला’ प्रकाश तिरपा लागतो. संग्रहालयातला वरून पडणारा प्रकाश सुंदर असतो, पण पृष्ठ सपाट करून टाकतो. खिडकीपाशी त्सुबा आडवी धरून हळूहळू फिरवली की हातोडीच्या खुणा उठून येतात. कसब्यात तांबट आळीच्या जवळ वाढलेल्या माणसाला मठारकाम शिकवावं लागत नाही. घंगाळावरचे ते ओळीनं पडलेले चमकदार ठोके डोळ्यांत आणि कानांत बसलेले असतात. मोमोयामा काळातल्या, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरच्या, नोबुइए या कारागिराच्या त्सुबेवर हातोडीच्या खुणा तशाच मुद्दाम ठेवलेल्या दिसतात. फक्त ओळीत नाहीत, आणि चमक नाही. खोल, मऊ, काळपट जांभळ्या रंगाखाली पृष्ठ किंचित हेलकावतं. हा रंग म्हणजे शतकानुशतकं मुरलेला गंज आणि हातांचा स्पर्श. तो तारेच्या ब्रशनं घासून ‘स्वच्छ’ केलेल्या त्सुबा बाजारात दिसतात तेव्हा जीव हळहळतो. ताजा लाल गंज आला असेल तर हाडाच्या किंवा हरणाच्या शिंगाच्या तुकड्यानं सावकाश खरवडायचा आणि सुती कापडानं रोज पुसत राहायचं. बाकी काही करायचं नाही.

घराण्यांच्या नावांबद्दल एक सांगायलाच हवं. सगळ्यात जुन्या पातळ लोखंडी त्सुबांचे दोन गट करतात: कड न उचललेल्या, एखाददुसरी छोटी आकृती कापलेल्या त्या को-तोशो, म्हणजे जुन्या तलवार घडवणाऱ्यांच्या, कड उचललेल्या आणि जाळी जास्त असलेल्या त्या को-काच्चुशी, म्हणजे चिलखत करणाऱ्यांच्या. या त्सुबांवर सह्या नाहीत आणि त्या खरंच तलवारवाल्यांनी आणि चिलखतवाल्यांनी केल्या याला भक्कम पुरावाही नाही. नंतरच्या अभ्यासकांनी सोयीसाठी लावलेली ही नावं. पितळेच्या जडावाच्या जुन्या त्सुबांना ‘ओनिन’ म्हणतात ते १४६७ ते १४७७च्या ओनिन युद्धावरून, तेही असंच नंतर लावलेलं नाव. आणि शोआमी! हे घराणं क्योतोतून इयो, आवा, आइझु, आकिता असं जवळजवळ सगळीकडे पसरलं, आणि त्यांनी लोखंड, जाळी, जडाव, उठाव सगळंच केलं. त्यामुळे कशातच न बसणारी त्सुबा शोआमीत बसवायची प्रथा आहे. मंडळात कुणी चिठ्ठीवर शोआमी लिहिलं की शेजारचा हळूच हसतो. गंमत म्हणजे बऱ्याच वेळा ते उत्तर आतारी निघतं.

जडावाचं काम समजायला मला आपल्याकडची कोफ्तगिरी कामी आली. लोखंडावर बारीक आडव्याउभ्या रेघा पाडून पृष्ठ खरबरीत करायचं, त्यावर सोन्याची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. उदयपूरकडच्या तलवारींच्या मुठींवर हे काम भरपूर बघायला मिळतं. जपानी नुनोमे-झोगान तंत्रानं तेच. सोनं झिजलेल्या जागी भिंगातून रेघांची जाळी दिसते. सोनं खाचेत खोल बसवलेलं आहे की वरवर ठोकलेलं, हे बघितलं की अर्धी घराणी आपोआप बाद होतात. बाद करत जाणं हाच खरा मार्ग आहे. ‘हे कोण?’ असं विचारलं की डोकं रिकामं होतं; ‘हे कोण नाही?’ असं विचारलं की काम सुरू होतं.

लोखंडातून मी रंगीत धातूंकडे गेले तेव्हा वाटलं, आता आपलं घर आलं. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडं सोनं, साधारण तीन ते पाच टक्के. ओतल्यावर दिसतं तांब्यासारखंच. मग किसलेल्या मुळ्याच्या रसात बुडवून तांब्याच्या क्षारांच्या द्रावणात उकळलं की निळसर झाक असलेला गर्द काळा रंग येतो. शिबुइचि म्हणजे तांब्यात चांदी, चौथा हिस्सा किंवा कमी, तिचा रंग राखी. रंग वरून लावलेला नाही, धातूनंच धरलेला आहे.

शाकुदोच्या राज्यात गोतो घराण्याची सत्ता. मूळपुरुष गोतो युजो, १४४० ते १५१२, शोगुन आशिकागा योशिमासाच्या पदरी. तिथून मुख्य शाखेच्या सतरा पिढ्या सत्ताधाऱ्यांची सेवा करत राहिल्या. पाचव्या पिढीच्या तोकुजोनं तर तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासाठी ओबान ही सोन्याची मोठी नाणी पाडली. त्यांचं काम ओळखायला सोपं वाटतं: काळी शाकुदो, तिच्यावर नानाको, म्हणजे माशांच्या अंड्यांसारखे एकसारखे बारीक उभार दाणे, आणि मधोमध सोन्याचा ड्रॅगन किंवा सिंह. दाणा हा एकेका ठोक्यानं उठवलेला. भिंगाखाली ओळ शेवटपर्यंत सरळ जाते की वळणावर गडबडते, हे बघण्यात मी तासन्‌तास घालवलेत. पण गोतोमध्ये पहिला की चौथा की आठवा, हा प्रश्न आला की सोपेपणा संपतो. पहिल्या पिढ्यांनी सह्याच केल्या नाहीत. नंतरच्या पिढ्यांनी पूर्वजांचं काम तपासून त्यावर निर्वाळा कोरला. एका कोझुकाच्या मागे कोरलेलं होतं, ‘नक्षी युजोची’, आणि खाली तेराव्या पिढीच्या मित्सुताकाचं नाव आणि मोहोर. म्हणजे जुन्या कोगाइवरची युजोची नक्षी काढून अठराव्या शतकात नव्या पट्टीवर बसवली, आणि घरच्याच माणसानं दाखला दिला. हातातल्या एका वस्तूत तीनशे वर्षांचं अंतर. आता तिला कोणत्या काळातली म्हणायचं? दोन्ही लिहायचं, असं सेन्सेई म्हणाले, आणि पट्टीकडे बोट दाखवून, “नक्षीच्या कडा तिला कशा टेकल्यात ते बघा.”

गोतोंच्या दरबारी शिस्तीला कंटाळून, किंवा श्रीमंत व्यापारी गिऱ्हाइकांच्या ओढीनं म्हणा, एदोत शहरी कारागीर पुढे आले. योकोया सोमिन, १६७० ते १७३३, त्यांचा अग्रणी. त्याची खासियत काताकिरी. छिन्नी तिरकी धरून रेघेची एक बाजू खोल आणि दुसरी उथळ कापायची, म्हणजे धातूवर कुंचल्याचा फटकारा उमटतो. त्याच्याच वयाचा त्सुचिया यासुचिका, नारा घराण्यातला, लोखंड आणि पितळ घेऊन इतकं मोकळं काम करतो की त्याच्यापुढे मला सोमिनसुद्धा जरा सोवळा वाटतो. हे माझं मत. मंडळात ते एकट्याचंच आहे.

सह्यांचं काय? सह्या वाचायला शिकले, पण विश्वास ठेवायला नाही. सोमिनच्या नावाच्या वस्तू उदंड आहेत. हिकोनेच्या सोतेनचं नाव तर माणसांची गर्दी असलेल्या जाळीच्या प्रत्येक त्सुबेवर कोरायची जणू पद्धतच पडली. नोबुइएच्या सह्यांचे तर दोन मान्य प्रकार आहेत, एक जाड अक्षराचा आणि एक सुट्या अक्षरांचा, म्हणजे किमान दोन माणसं असावीत. शिवाय नंतरचे नकलाकार. म्हणून क्रम असा: लोखंड, भोकं, कड, कारागिरी, मग चित्र, आणि सगळ्यांशी जुळली तरच सही. तलवारीला जपानात नोंदणीचा दाखला लागतो, सुट्या त्सुबेला लागत नाही, त्यामुळे त्यांचा व्यवहार सहज होतो आणि ओतीव नकलाही सहज खपतात. ओतीव माल ओळखायला जाळीच्या आतल्या भिंती बघायच्या. तिथे कानशीच्या खुणांऐवजी साच्याची शिवण किंवा बारीक बुडबुडे दिसले की पाकीट परत खिशात.

माझं मन मात्र हिगोवर जडलं. १६३२ साली होसोकावा हे सरदार घराणं क्यूशूतल्या हिगो प्रांतात, म्हणजे आजच्या कुमामोतोत आलं. वडीलधारा होसोकावा सान्साइ हा सेन नो रिक्यूचा चहाविधीतला शिष्य. त्याच्या रुचीनं तिथली त्सुबा घडली: दिखाऊपणाला मज्जाव, पण साधेपणा अगदी विचारपूर्वक. हिराता, निशिगाकी, शिमिझु आणि हायाशी ही चार घराणी. शिमिझुंचा जिंगो ओबडधोबड लोखंडावर पितळेचा ससाणा बसवतो. निशिगाकीची रेषा सैल, जराशी हसरी. हायाशी माताशिची हा बंदुका करणाऱ्या घरातला. त्याचं लोखंड इतकं घट्ट आणि तकतकीत की बोट ठेवायला संकोच वाटतो. १६४०मध्ये कुमामोतोत पाहुणा म्हणून आलेला प्रसिद्ध तलवारबाज मियामोतो मुसाशी याच्या नावावर दोन बाजूंना दोन समुद्रकाकड्या (काकडीसारखे लांबट सागरी प्राणी) कापलेली रचना सांगतात. ती नंतर शेकडो जणांनी केली. तोक्योत मेजिरोदाइला होसोकावांचा एइसेइ बुन्को हा संग्रह आहे, तिथे हिगोचं प्रदर्शन लागलं की मी सुट्टी टाकते. काचेपलीकडून भोकं नीट दिसत नाहीत, तरी टाकते.

नाम्बान त्सुबांबद्दल थोडं, कारण त्यात गोवा आहे. पोर्तुगीज जहाजांचा मार्ग गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी असा होता. या ‘दक्षिणेकडच्या रानटी’ लोकांवरून नाम्बान नाव पडलं. पण नाम्बान म्हणवणाऱ्या बहुतेक त्सुबा पोर्तुगीजांना १६३९मध्ये बंदी झाल्यानंतरच्या आहेत, आणि एकमेकींत विणलेल्या वेली, आतून पोखरलेलं कोरीवकाम, चौकोनाकडे झुकणारी सेप्पा-दाइ हे सगळं चिनी तलवारींकडे बोट दाखवतं. गोव्याची बोट शोधत मी त्यांच्याकडे गेले होते, सापडला चीन.

१८७६मध्ये सरकारनं कमरेला तलवार लावून फिरायला बंदी केली आणि या कारागिरांचं गिऱ्हाईक एका फटक्यात गेलं. कानो नात्सुओसारखे थोडे तगले, त्यानं मेइजी सरकारच्या नव्या नाण्यांचे नमुने कोरले. बाकीच्यांनी फुलदाण्या आणि धूपदाण्या केल्या. हजारो त्सुबा टोपल्यांच्या भावानं युरोप-अमेरिकेत गेल्या.

सध्या मंडळात मितो, म्हणजे तोक्योच्या ईशान्येकडच्या मितो गावचं काम, चालू आहे. मितोच्या कारागिरांनी नारा, हामानो, योकोया, सगळ्यांच्या शैली उचलल्या आणि प्रचंड माल केला, त्यामुळे ‘हे कोण नाही?’ हा माझा आवडता प्रश्न इथे चालत नाही. मितो कुणीही असू शकतो. गेल्या बैठकीत सेन्सेईंनी तीन फुचि ठेवल्या होत्या, तिन्ही मितो, तिन्ही तीन घराण्यांच्या वाटणाऱ्या. फुचिला बघण्यासारखं भोक एकच, आणि ते सगळ्यांचं सारखं. मी आता त्या भोकाभोवतीच्या तांब्याच्या तळाची जाडी मोजायला घेतलीय. सेन्सेईंना ते फारसं पटलेलं नाही, पण पुढच्या वेळी मोजपट्टी आणा म्हणालेत.